एकवीस रेघा

अर्चनाने पुढे केलेला चहा अनसूयाने बशीसकट मागे सरकवला. या घरचं पाणीही तोंडाला लावायचं नाही, हे ती रांझीहून निघतानाच ठरवून आली होती.

"पुस्तक पुन्हा छापून राहिले म्हणे तुम्ही."

समोर आरामखुर्चीत जगन्नाथ बसले होते. वय शहाऐंशी, कान शाबूत, बोलणं मोजकं. "मी नाही. मंडळ छापून राहिलं. मंडळाच्या हॉलला पन्नास वर्षं झाली."

"त्यातलं स्लॅबचं प्रकरण काढा, जी. नाहीतर मी कोर्टात जाते." काका म्हणणं तिनं कधीच सोडलं होतं.

"जा," जगन्नाथ म्हणाले आणि सुनेला, अर्चनाला, खिडकीचा पडदा ओढायला सांगितला. डोळ्यांवर ऊन येत होतं.

अनसूयाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचं सगळं आयुष्य ज्यानं नासवलं, त्याला उन्हाचा त्रास होत होता!

पन्नास वर्षांपूर्वी कारखान्यातल्या मराठी कुटुंबांनी आपल्या हातांनी तो हॉल बांधला. ड्यूटी सुटल्यावर पुरुष विटा रचत, बायका घमेली उचलत. जगन्नाथांनी त्यावर कादंबरी लिहिली. नावं बदलली, पण कोण म्हणजे कोण, हे कॉलनीत शेंबड्या पोरालाही कळत होतं. कादंबरीतला मनोहर म्हणजे अनसूयाचे बाबा, मोहन. बांधकामावर देखरेख त्यांचीच होती.

स्लॅब टाकला की एकवीस दिवस त्यावर पाणी मारायचं. रोज एका घराची पाळी. पाणी मारून झालं की त्या घरानं खांबावर खडूची एक रेघ ओढायची. कॅलेंडर कुणी बघत नसे, सगळ्यांचा भरवसा त्या खांबावर. एकवीस रेघा भरल्या की टेकू काढायचे. कादंबरीतल्या मनोहरला गणपतीच्या आत हॉल उभा करून मिरवायचं असतं. तो गुपचूप सहा रेघा जास्तीच्या ओढतो. टेकू निघतात, कच्चा स्लॅब खाली येतो आणि एक माणूस त्याखाली मरतो.

प्रत्यक्षात अंबादास तसाच मेला होता. कादंबरी आल्यावर त्याच्या बायकोनं, राधाबाईनं, भर हळदीकुंकवात अनसूयाच्या आईच्या हातचं वाण परत केलं. शाळेत मुली अनसूयाला 'सहा रेघा' म्हणून हाक मारायच्या. बाबा कुणाला एका शब्दानं बोलले नाहीत. बाराव्या वर्षी तिनं ते पुस्तक फाडलं, तेव्हा बाबांनी रात्रभर बसून पान न् पान चिकटवलं आणि परत फळीवर ठेवलं. त्याबद्दल तिनं त्यांना आजही माफ केलं नव्हतं.

आणि असा माणूस रेघा मोजण्यात लबाडी करेल? कारखान्यात तपासनीस होते ते. नग पास झाला की लाल पेन्सिलीनं गोल आणि गोलात बरोबरची खूण. घरातसुद्धा लोणच्याच्या बरणीवर तीच खूण असायची. अनसूया चार-पाच वर्षांची असताना त्यांच्या खिशातले खडू पळवून तेच करायची. घरोघरच्या दारांवर, पाण्याच्या पिंपांवर, भिंतींवर रेघा ओढत, त्यांभोवती गोल काढत हिंडायची. कॉलनी तिला छोटी इन्स्पेक्टर म्हणायची. हॉलचं बांधकाम तिला आठवत नव्हतं, पण खडूची चव अजून आठवत होती.

"एक सांगा," ती म्हणाली. "बाबांना रेघा ओढताना कुणी पाहिलं होतं?"

"कुणी नाही."

"तुम्ही?"

"मी पण नाही."

"मग लिहिलं काहून?"

 जगन्नाथांची नजर टेबलाकडे गेली. तिथं अर्चनाच्या लॅपटॉपशेजारी पिवळ्या पडलेल्या कागदांचं बाड होतं. मूळ हस्तलिखित. अर्चना त्यावरून टाइप करत होती आणि अजून पहिल्याच प्रकरणात होती.

"बेटा, ते आत नेऊन ठेव," जगन्नाथ म्हणाले. "छापील प्रतीवरूनच कर टाइप."

 म्हाताऱ्याला घाम फुटलेला अनसूयानं पहिल्यांदाच पाहिला आणि तिला फार बरं वाटलं. अर्चना उठायच्या आत तिनं बाड उचललं.

"यात वेगळं लिहिलं आहे, हो ना? खरं यात आहे. आणि छापलं भलतंच."

"अनू, ठेव ते." या नावानं तिला आता कुणी हाक मारत नव्हतं. "मी प्रकरण काढतो. सगळं प्रकरण काढतो. तू म्हणशील तसं. पण ते खाली ठेव."

"आता काहून? चाळीस वर्षं माझ्या शिव्या खाल्ल्या, बाबांच्या तेराव्याला मी तुम्हाला दारातून हाकललं, तेव्हा नाही सुचलं?"

जगन्नाथ खुर्चीतून उठायला गेले, त्यांना उठता आलं नाही. अनसूया पानं उलटत गेली. स्लॅबचं प्रकरण सापडलं. त्यातल्या एका पानावर वरपासून खालपर्यंत लाल पेन्सिलीची फुली होती. फुलीखालचा मजकूर स्वच्छ वाचता येत होता, आणि तिनं तो जिंकल्यासारखा मोठ्यानं वाचायला घेतला.

"मनोहरनं रेघा मोजल्या. एकवीस भरल्या होत्या. त्यानं टेकू काढायला सांगितलं. शेवटच्या सहा रेघा बुटक्या होत्या, जमिनीपासून दीड-दोन हात उंचीवर होत्या, आणि त्यांच्याभोवती वेडावाकडा गोल होता, हे त्याला स्लॅबखालच्या माणसाला बाहेर काढल्यावर दिसलं."

ती वाचायची थांबली. समासात त्याच लाल पेन्सिलीनं, बाबांच्या अक्षरात तीन ओळी होत्या.

"जगन्नाथ, हे पान काढ. रेघा मनोहरलाच ओढू दे. अनू आता वाचायला शिकली आहे."