चुन्याची रेघ

माजलेला वळू दाव्याला हिसके देत होता. मी दाव्याची लांबी, मान आणि शिंगं मोजून खुंट्याच्या सभोवार चुन्याची रेघ ओढली. “हिच्या बाहेर खुशाल उभे राहा,” मी गावाला सांगितलं.

वळूनं तीनदा मुसंडी मारली. तीनदा शिंगं रेघेवर अडली. शिरपा बाहेरून रेघेला चिकटून उभा राहून हसला. “तात्या, आखणी पक्की हं!”

तोच वळू गर्रकन फिरला आणि मागच्या लाथेनं शिरपाच्या बरगड्या फुटल्या. शिंगांच्या भीतीत मी मागचं धड मोजलंच नव्हतं.

शिरपाचा भाऊ कुऱ्हाड घेऊन वळूवर धावला. मी मध्ये पडलो. “दावं तुटलं नाही. रेघ माझी चुकली. मला मार.”

कुऱ्हाडीचा दांडा माझ्या खांद्यावर बसला, हाड मोडलं.

“झालं तुझं?” मी कण्हलो. “आता शिरपाला दवाखान्यात ने.”