उतरलेला ताप

गोळी घेऊन तास झाला आणि फिटरला दरदरून घाम सुटला. शर्टाच्या बाह्या त्याने कोपरापर्यंत वर सारल्या आणि सामानाच्या ढकलगाडीवर भार टाकून तो रांगेत पुढे सरकला. त्या देशात तापाची साथ होती, म्हणून विमानतळावर जाणाऱ्या प्रत्येकाला तपासत होते. टेबलामागची नर्स येईल त्याच्या कपाळासमोर यंत्र धरायची. हिरवा दिवा लागला तर पुढे. लाल लागला तर माणूस बाजूच्या खोलीत आणि विमान त्याला सोडून आकाशात.

"सुटला ना घाम? मग उतरला समजा," मागून सेल्सवाले साहेब कुजबुजले. कंपनीत सगळ्यात जास्त देश त्यांनीच पालथे घातले होते. "मी दोनदा असाच निसटलोय. फक्त चेहरा जरा हसरा ठेवा. असं सुतकी तोंड केलंत तर धडधाकट माणसालाही धरतील."

फिटर हसला. हसायलासुद्धा अंग दुखत होतं.

महिनाभर तो इथल्या कारखान्यात नवा बॉयलर बसवत होता. उकाडा असा की भिंतींनाही घाम यावा. तरी त्याने पूर्ण बाह्यांचा शर्ट सोडला नाही. पाणी उकळलेलं. बर्फाला हात नाही, कापलेल्या फळाला हात नाही, संध्याकाळ झाली की अंगभर डासांचं मलम. साहेबांनी त्याचं नावच सोवळेबुवा पाडलं होतं. फिटरने ते ऐकून घेतलं. स्वतःच्या जिवाचे एवढे लाड त्याने जन्मात केले नव्हते. पण घरी बायकोला कॅन्सरची औषधं चालू होती आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, की घरात साधी सर्दीसुद्धा शिरता कामा नये. नोकरी सोडली तर औषधं कशाने आणणार, म्हणून तो आला होता. जसा आलो तसाच परत जायचं, एवढंच त्याने मनाशी धरलं होतं.

आणि हत्ती गेला नि शेपूट राहिलं. काल बॉयलरने दाब धरला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि आज पहाटे ह्याला हुडहुडी भरली. कुठे चुकलं ते त्याला कळेना. बॉयलर असता तर उघडून पाहिलं असतं.

खिशात फोन वाजला. बायकोचा.

"बसलात का विमानात?"

"नाही अजून. रांगेत आहे."

"आवाज का असा?"

"दमलोय गं."

"दमा खुशाल, पण आजारी पडू नका. अहो, वन्सं म्हणत होत्या, परवा सुई लावायच्या वेळी मी बसते तुझ्यापाशी, त्याला जरा झोपू दे. मी म्हटलं, मुळीच नाही. त्या हात धरतात तो लाटणं धरल्यासारखा. मला तुमचाच हात पाहिजे."

"येतोय ना."

"आणि डोक्याचं पार मैदान झालंय हं. दार उघडल्यावर दचकायचं नाही, आधीच सांगून ठेवते." ती हसली आणि हसताहसता तिला धाप लागली. "शेजारच्या काकू काल आल्या होत्या. शिंकल्या, तर मी उंबऱ्यावरूनच परत पाठवलं त्यांना. रागावल्या असतील. रागावू देत. तुम्ही मात्र सरळ आत या, तुम्हाला काही मी उंबऱ्यावर थांबवणार नाही. अंग गरम नाही ना तुमचं?"

"नाही," फिटर म्हणाला.

त्याने कपाळाला हात लावून पाहिला. ते खरंच गार होतं. फोन ठेवल्यावर मात्र त्याला भडभडून आलं. महिनाभर त्याला दुसरं काही नको होतं, फक्त तिच्या खाटेशेजारची ती प्लॅस्टिकची खुर्ची हवी होती.

"पुढे या," नर्स म्हणाली. तिने यंत्र धरलं. हिरवा दिवा लागला. "ठीक आहे. जा."

"जिंकलात सोवळेबुवा!" साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "चला, चला."

फिटर हलला नाही. तो त्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिला. बॉयलरवर दाबाचा काटा कधी कधी अडकतो. आत दाब चढत असतो आणि बाहेर काटा सगळं ठीक असल्याचं दाखवतो. असल्या काट्याच्या भरवशावर त्याने आजवर कुणालाही बॉयलरपाशी उभं केलं नव्हतं.

"बाई, मी गोळी घेऊन आलोय," तो म्हणाला. "पहाटेपासून ताप आहे. गोळीचा जोर संपला की परत बघा."

नर्सने यंत्र खाली ठेवलं. तिने बाजूच्या खोलीचं दार उघडलं.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का?" साहेबांचा आवाज चढला. "पुढचं विमान आठवड्याने आहे! परवा वहिनींचा हात कोण धरणार? मी त्यांना सांगू तरी काय?"

फिटर आतल्या खुर्चीत जाऊन बसला होता. त्याला पुन्हा थंडी वाजायला लागली होती.

"सांगा, उंबऱ्यावर थांबलोय," तो म्हणाला, आणि वर सारलेल्या बाह्या मनगटापर्यंत ओढून त्यांची बटणं लावू लागला.