मनापासून आभार

भिंतीवरच्या राष्ट्रप्रमुखांच्या फोटोपुढे रोज सकाळी मुलांनी त्यांचे आभार मानायचे, असा वरून हुकूम होता. तो न पाळल्याबद्दल शेजारच्या वर्गातल्या सरांना नुकतंच घरी बसवलं होतं. त्यामुळे तपासनीस साहेब वर्गात शिरले, तेव्हा दुसरीच्या बाईंनी भीतभीतच पोरांना खूण केली. पण पोरांनी घोकून घेतलेलं सगळं एका सुरात, न अडखळता म्हटलं. बाईंचा जीव भांड्यात पडला.

"शाब्बास!" साहेब खूश होऊन पहिल्या बाकावरच्या चिमुरडीला म्हणाले. "आता तुझ्या मनाने कुणाचे तरी आभार मान बघू, बाळ."

ती उठली आणि बाईंकडे बघून गोड हसली.


"बाई, थँक्यू! बाकीच्या वर्गांना हे रोज म्हणावं लागतं, आम्हाला तुम्ही फक्त आजच म्हणायला लावलंत."