इंजिनखालची प्लेट

दगडधोंड्यांत घालायची म्हणून घेतलेल्या मोटरसायकलला आमच्या भावोजींनी इंजिनखाली जाड प्लेट, रेडिएटरला जाळी आणि हँडलला गार्ड असं चिलखतच चढवलं. मग ते चिलखत खरवडेल या धास्तीने रविवारी मोटरसायकलवाल्यांच्या क्लबला जाताना ते डांबरावरचा खड्डासुद्धा वळसा घालून चुकवायचे. बाकी दिवस ते कंपनीच्या बसने जायचे आणि गाडी घरी झाकलेली असायची.

परवा क्लबचा म्होरक्या सहज गाडीखाली वाकला आणि ओरडलाच, "अरे, इकडे या! प्लेट बघा, चेपून चेपून पार वाडगा झालाय तिचा! हा गडी गपचूप डोंगर पालथे घालतोय आणि आपल्याला पत्ता नाही!"

भावोजींनीही वाकून पाहिलं, कपाळावरचा घाम पुसला आणि ते विनयाने हसले. पुढच्या रविवारी खडकाळ उतारावर सगळ्यांच्या पुढे त्यांनीच राहायचं, असं तिथल्या तिथे ठरलं.

घरी येऊन त्यांनी दार लावून घेतलं आणि ताईसमोर गाडीची चावी ठेवली.



"रागावत नाही गं. फक्त रविवारच्या आत मलापण शिकव."