अर्ध्या पुस्तकाची तक्रार

मुख्याध्यापिकांनी खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरलं, तेव्हा कुठे बाबा बसले. कुणाच्या तरी घराची भिंत अर्धवट रंगवलेली सोडून ते थेट शाळेत आले होते. कानाच्या पाळीवर पांढरा ठिपका, पँटवर वर्षभराच्या घरांचे रंग. हातातलं पुस्तक मात्र डाग लागू नये म्हणून स्वच्छ रुमालात गुंडाळून आणलेलं. ज्याची तक्रार करायची त्याचीच एवढी बडदास्त पाहून नववीतल्या लेकीला हसू आलं. पण तिने ते गिळलं. पुढच्याच तासाला तिला या पुस्तकावर वर्गासमोर बोलायचं होतं, आणि आता पुस्तकच शाळेतून हद्दपार होण्याची लक्षणं दिसत होती.

"मॅडम, यात शाळेतलं पोरगं नशेच्या पुड्या विकतंय," बाबा म्हणाले. "आणि त्याचं सगळं मस्त चाललंय. नवे बूट काय, मोटरसायकल काय, आईला फ्रीज काय. असलं पुस्तक ठेवता तुम्ही मुलांसाठी?"

"पूर्ण वाचलंत?"

"अर्धं. अर्ध्यातच घाम फुटला."

मुख्याध्यापिका लेकीकडे वळल्या. "तू वर्गात काय सांगणार होतीस? इथेच सांग."

व्यसन फार वाईट, सर्वांनी दूर राहावं, असं चार ओळींचं ठोकून दिलं असतं तर सगळं निभावलं असतं. असली भाषणं तिला झोपेतही जमत. पण कुणी मागे न लागता तिने संपवलेलं हे आयुष्यातलं पहिलंच पुस्तक. त्याच्याबद्दल खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं.

"अर्ध्यापर्यंत मला त्या मुलाचा हेवा वाटला," ती म्हणाली. "वाटलं, आपल्यालाही असं जमायला हवं."

बाबांनी मुख्याध्यापिकांकडे असं पाहिलं, जणू खटला तिथेच निकालात निघाला.

"मग पुढे कळलं, फ्रीज घरात आला खरा. पण त्याची आई दूध खिडकीतच ठेवत राहिली, पाण्याच्या परातीत. उन्हाने नासलं तरी तिथेच. फ्रीज आपला रिकामा घरघरतोय. तिथून पुढे मला त्याचं काही म्हणजे काही आवडेना. पण जास्त राग आला तो आईचा. हे सगळं कुठून आणतोस, असं तिने त्याला एकदाही विचारलं नाही. बावळटच आहे ती."

"बावळट कशाने?" बाबा एकदम त्या बाईच्या बाजूने उसळले. "तिला सगळं कळलंय. म्हणून तर त्यात दूध ठेवत नाही."

हे लेकीच्या डोक्यातच आलं नव्हतं. "तुम्ही तो भाग वाचलात?"

"नाही. पण कळतं ना माणसाला."

"मग ती विचारत का नाही?"

बाबा नखातला रंग खरवडू लागले. "भीती वाटते गं. विचारलं आणि खरं निघालं तर?"

बाबा कुणाबद्दल बोलताहेत, ते हळूहळू लेकीच्या लक्षात आलं, आणि तिला त्यांची दया आली, रागही आला.

"पुस्तक माझ्या दप्तरात सापडलं तुम्हाला," ती म्हणाली. "मग मला न विचारता इकडे का आलात?"

मुख्याध्यापिकांना नेमकं तेव्हाच मागच्या कपाटात काहीतरी शोधायचं आठवलं. त्या पाठ करून उभ्या राहिल्या. बाबांनी रुमालाची घडी घातली आणि पुन्हा मोडली.

"तू... म्हणजे तुम्ही मुलं... असलं काही घेत नाही ना?"

"नाही, बाबा."

"आणि विकत नाही ना?"

"मला सकाळी वेणी घालायला वेळ मिळत नाही. धंदा कधी करू?"

कपाटाच्या दिशेने खुदकन हसल्याचा आवाज आला. मग बाबाही हसले, अगदी खालचं वर्तमानपत्र चुरगळेपर्यंत हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. आठवडाभर टांगणीला लागलेला जीव एकदाचा भांड्यात पडला होता. घरी जेवताना ते असे गप्प गप्प का असायचे, हे लेकीला आत्ता कळलं.

तासाची घंटा झाली. मुख्याध्यापिका वळल्या. "मग काय करायचं? काढायचं का पुस्तक ग्रंथालयातून?"

लेकीने वर्गात न्यायला म्हणून हात पुढे केला. पण बाबांनी अंगठा पँटला पुसून पुस्तक मधोमध उघडलंसुद्धा होतं.

"तू जा, तुला पाठच आहे," पानावरून नजर न उचलता ते म्हणाले. "मला बघू दे, शेवटी ती फ्रीजमध्ये दूध ठेवते का."