नळीवरची फुली

इंजिन दोनदा खोललं, पिस्टनच्या रिंगा बदलल्या, तरी आजोबांची जुनी मोटारसायकल निळा धूर ओकतच होती. ऑइल सिलिंडरमध्ये शिरतंय कुठून, ते केतकीला कळेना. शेवटी तिनं आजोबांच्या जुन्या मिस्त्रींना, दस्तगीर चाचांना, रिक्षात घालून जोतिबाच्या उतारावर आणलं.

नजर गेलेले चाचा पायथ्याच्या दगडावर टेकले. "रेसची मूठ सोडून गियरमध्येच उतर. माझ्यापाशी आलीस की एकदम पीळ."

तिनं मूठ पिळताच धुराचा लोट थेट चाचांच्या तोंडावर गेला. त्यांनी तो शांतपणे हुंगला.

"रिंगा बऱ्या हायत. मूठ सोडली की इंजिन गुदमरतंय, मग मिळंल त्या फटीतनं ऑइल ओढतंय. पेट्रोल आत सोडणारा वॉल्व ज्या नळीत हलतो, ती सैल हाय. काढून बघ, बुडाशी फुली असंल."

चाचांना गॅरेजात नेऊन केतकीनं नळी काढली. वॉल्व आत खडखडत होता. आणि बुडाशी खरंच कोरलेली बारीक फुली! तिनं नळी चाचांच्या हातात ठेवली.

"चाचा, ही तुम्हाला कशी दिसली?"

चाचांनी फुलीवरून अंगठा फिरवला.

"मीच मारली. मनाला न पटलेल्या कामावर फुली मारायची, ही उस्तादांची शिकवण. तुझ्या आज्याला घाई होती, नळी केसभर सैल बसली. मी बोललो न्हाई. छत्तीस वर्षं ही गाडी दारावरनं गेली, की मी धुराचा वास घ्यायचो."

त्यांनी हात पुढे केला. "नवी नळी दे. आज घाई न्हाई."