उष्टी नान

लढाई थांबून वर्ष झालं, तरी सावरीनिसोच्या भिंतीवरची उष्टी नान उतरली नव्हती. बंदूक घेऊन निघताना तिच्या नवऱ्याने, सांगिनने, तिचा एकच घास घेतला होता. उरलेली त्यानेच परत येऊन खायची, अशी ताजिकांची रीत.

मदत संस्थेची शहनोझा पिठाची यादी घेऊन आली आणि भिंतीकडे पाहून थबकली. "आपा, पीठ बाप गेलेल्या मुलांसाठी आहे. तुम्ही तर अजून वाट बघताय."

"वाट बघून पोरींचं पोट भरतं होय गं?"

सावरीनिसोने काळजावर दगड ठेवून नान काढली. सहा वर्षांत तिचाही दगडच झाला होता. चहात भिजवून भिजवून तिने ती दोन्ही पोरींना भरवली. मग मुल्लाजींना बोलावून सांगिनच्या नावाने मयताचा फातिहा म्हणवला, तेव्हा कुठे शहनोझाने पोरींची नावं लिहून घेतली.

सातव्या दिवशीच्या दुव्याला मुल्लाजी हात पसरून बसले होते, तेवढ्यात शहनोझा आली. रिकाम्या हाताने.

"वरूनच पीठ कमी आलंय, आपा. आता आई-बाप दोन्ही नसलेल्यांनाच द्या म्हणतात. मी तरी काय करू?"

मुल्लाजींनी दुवा संपवून हात चेहऱ्याकडे नेले. सावरीनिसोने त्यांना अडवलं.

"थांबा मुल्लाजी, हात तसेच राहू द्या. आणखी एक फातिहा म्हणा, पोरींच्या आईच्या नावानं."